माझ्या नावावरचे शनिवार

हिंगोलीत खड्ड्यांना शिव्या देणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. पण चांगल्या, गुळगुळीत डांबरी रस्त्याचाही तिटकारा असलेला माणूस मी एकच पाहिला. भूमी अभिलेख खात्यात उभा जन्म घालवलेले निवृत्त मोजणीदार. सगळे त्यांना मोजणीदारच म्हणत, आणि मीही इथे तेवढंच म्हणणार आहे. पांढरा हाफ शर्ट, टायरच्या चपला आणि दांडीच्या ब्रेकची काळी सायकल. कॅरिअरला एक विळा, पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेला चुना. विळा वाटेवर आलेल्या बाभळीसाठी आणि चुना हद्दीच्या दगडांना फासायला. पुसेगावला त्यांची बहीण असते. एसटीने माणूस तिथे बघता बघता पोचतो. मोजणीदार सकाळी निघत ते शिवाराशिवारातून जेवणवेळेला पोचत. बहिणीने उशीर का म्हणून विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं.

"डांबरावरनं यायला माणूस कशाला लागतो? पोतं पण येतंय की."

शेताशेतांमधून जाणाऱ्या जुन्या गाडीवाटा, ज्यांना आमच्याकडे पांदण म्हणतात, त्या त्यांच्या जीव की प्राण. वाटांबद्दल ते घरच्या माणसांसारखं बोलत. ही आजारी आहे, हिला बाभळींनी धरलंय, ती कयाधू नदीच्या काठची आता सुधारली. नकाशावर पांदण असून काही उपयोग नाही, हे त्यांनी नोकरीत शिकून घेतलेलं होतं. कागदावर तीस फूट असलेली वाट दोन वर्षं कुणी चाललं नाही तर दोन्हीकडचे बांध हळूहळू एकमेकांना भेटायला येतात आणि एका पेरणीला वाट गडप होते. "चाललं तर वाट, न्हाईतर वावर," असं त्यांचं म्हणणं. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला कामाला लावून घेतलं होतं. सोमवारी कयाधूकाठ, मंगळवारी स्टेशनामागची, असं वाटांचं वेळापत्रक. महिन्यातून एकदा सिद्धेश्वरला जाऊन धरणाच्या कालव्याकाठचा मुरूम तपासून येत. रविवारी वाटांना सुट्टी.

कोणी भेटलं आणि रामराम म्हणालं तर रामराम, जयभीम म्हणालं तर जयभीम, आणि मी पहिल्या दिवशी गुड मॉर्निंग म्हणालो तेव्हा "हां."

ह्या पहिल्या दिवसाकडे यायला हवं, कारण पुढची सगळी शोभा तिथून सुरू होते. मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. चाळिशी उलटली, पोट पुढे आलं आणि गावातल्या डॉक्टर-वकिलांच्या सायकल ग्रुपमध्ये माझी वर्णी लागली. साधी सायकल घ्यावी की नाही, तर मी ग्रॅव्हल बाईक घेतली. म्हणजे खडी, मुरूम, माती असल्या रस्त्यांसाठी बनवलेली, जाड चाकांची, वाकड्या हँडलची. बायको तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "अहो, खडी तर आपल्या गल्लीतच पडलीय. तिच्यासाठी सायकल वेगळी लागते?" तिला काय कळतंय, असं मी मनात म्हणालो. मनातच म्हणालो.

ग्रुपमध्ये मी जाहीर करून टाकलं होतं की हिंगोलीच्या आसपासचे सगळे कच्चे मार्ग शोधून मी त्यांचा नकाशा करणार. भूगोलाचा माणूस ना! पहिल्याच मोहिमेत पुसेगावच्या अलीकडे एका शिवारात दोन्ही चाकांत बाभळीचे काटे घुसले आणि मी एका कडुलिंबाखाली बसून मोबाईलला रेंज शोधत होतो. तेव्हा मोजणीदार आले. माझं हेल्मेट, चष्मा, हातमोजे, गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी हे सगळं त्यांनी शांतपणे पाहून घेतलं.

"कुटं चालले?"

"फाट्यावर. इथून डावीकडे ना?"

"डावं-उजवं माणसाचं असतंय, वाटेचं न्हाई. उगवतीला जा." मग जरा थांबून, "काय करता तुमी?"

"भूगोल शिकवतो."

"मंग उगवती काहून इचारून राहिले?"

मी विचारलं नव्हतं, पण विचारणारच होतो. ते म्हणाले, बसा इथंच, वस्तीवरून पंक्चरचं सामान आणतो. वेळ बघायला असू द्या म्हणून मी माझं घड्याळ त्यांच्या मनगटाला बांधलं. खरं कारण वेगळं होतं. घामाने माझ्या मनगटाला खाज सुटली होती आणि घड्याळ महागाचं असल्यामुळे खिशात ठेवायला मन होत नव्हतं. हे घड्याळ आपण कुठून कुठे गेलो ते आपोआप टिपतं, आणि फोनजवळ आलं की ग्रुपच्या ॲपवर सगळ्यांना दिसतं. मोजणीदार वस्तीवर गेले, तिथून त्यांचं शनिवारचं ठरलेलं पांदणही उरकून घेतलं आणि सामान घेऊन परत आले. संध्याकाळी घरी पाहतो तो ग्रुपवर माझं कौतुक चाललेलं. अवघड वाट, एकसारखा वेग आणि चढावरही हृदयाचे ठोके अगदी संथ! आमच्या ग्रुपचे प्रमुख डॉक्टर आहेत. त्यांनी लिहिलं, "सरांचं हृदय शाळकरी पोराचं आहे."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

पुढच्या शनिवारी मी सायकल गाडीमागे बांधून फाट्यावर नेली आणि मोजणीदारांना गाठलं. "काका, हे घड्याळ जरा घालून जाता का?" त्यांनी विचारलं, हे करतं काय? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वाट लिहितं. एकदा ह्याच्यात लिहिली की कुणाला पुसता येत नाही."

त्यांनी घड्याळाकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं मी माझ्या लग्नात बायकोकडेही पाहिलं नसेल. मनगट शर्टाला पुसलं आणि पट्टा बांधून घेतला.

मग काय, आयत्या बिळावर नागोबा. शनिवारी मला तास नसत. मी फाट्यावरच्या हॉटेलात बसून भजी आणि चहा घ्यायचो. मोजणीदार शिवार पालथं घालून यायचे, घड्याळ रुमालात गुंडाळून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आज नाल्याजवळ जरा हळू गेलो. नीट लिहून घेतलं असंल न्हवं?" मी म्हणायचो, बराबर. त्यांनी जीव लावून लिहिलेली वाट घरी माझ्या नावावर जमा व्हायची. दोन पावसाळे असे गेले. माझं वजन वाढत होतं. डॉक्टरांनी ग्रुपवर समजावून सांगितलं की स्नायू चरबीपेक्षा जड असतात. एका कार्यक्रमात त्यांनी मला 'सायकलवीर' म्हणून चषक दिला आणि मी इच्छाशक्तीवर वीस मिनिटं बोललो. घरी आल्यावर बायकोने माझा शर्ट नाकाला लावला आणि म्हणाली, "इच्छाशक्तीला भज्यांचा वास येतो वाटतं."

गेल्या फाल्गुनातल्या एका शनिवारी मोजणीदार अर्ध्या तासातच फाट्यावर परत आले. एवढ्या लवकर ते कधीच येत नसत. सायकल स्टँडला न लावता तशीच धरून उभे राहिले.

"वाट न्हाई," ते म्हणाले.

शनिवारची वाट ज्या शेताच्या कडेने जायची, त्याच्या मालकाने हरभरा निघाल्यावर रोटाव्हेटर घातला होता, आणि स्वतःच्या वावराबरोबर पांदणही नांगरून सपाट केलं होतं. दोन्ही टोकांना काटेरी कुंपण. पलीकडे कांताबाईंचं दीड एकर होतं. कांताबाई म्हणजे एकटीने हळद करणारी बाई. हळद काढून, शिजवून, वाळवून पोती शेतातच रचलेली होती आणि ती बाहेर काढायला ट्रॅक्टर येण्याची तेवढी एकच वाट होती. वळवाचा एक पाऊस ताडपत्रीखाली शिरला असता तर तिचं वर्ष बुडालं असतं.

कांताबाईंनी तहसीलमध्ये अर्ज केला. ही वाट नुसत्या वहिवाटीची, नकाशावर नव्हती, आणि मालकाने उत्तर दिलं की इथे वाट कधी नव्हतीच. मोजणीदार काय म्हणतात त्याला अर्थ नाही, कारण त्यांचा आमच्यावर जुना दात आहे, असंही त्याने लिहून दिलं. एका अर्थी ते खरं होतं. मालकाच्या वडिलांच्या शेताची मोजणी मोजणीदारांनीच केली होती आणि बांध दोन हात मागे सरकला होता. "माझं कोन ऐकंल?" मोजणीदार आमच्या बैठकीत बसून म्हणाले. शेजारी कांताबाई पदर सावरून खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. "पर सर, तुमचं घड्याळ हाय. समदे शनवार त्याच्यात लिहिलेले हायत. तुमी बाहेरचे, मास्तर मानूस, तुमचं ना कुनाशी वैर ना सोयरीक. तुमी फक्त हे दाखवा."

कांताबाई एवढंच म्हणाल्या, "सर, पोत्यावर पोतं रचून ठिवलंय. आभाळ आलं की झोप लागत न्हाई."

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कपाकडे पाहिलं आणि म्हणालो, "येतो ना."

आलं का लक्षात? घड्याळातले शनिवार माझ्या नावावर होते. साक्ष द्यायची तर म्हणावं लागणार होतं की मी गेलो होतो. आणि मी गेलो नव्हतो हे म्हटलं तर डॉक्टर, ग्रुप, चषक, शाळकरी पोराचं हृदय, सगळं एका दमात गेलं असतं. मी स्वतःची अशी समजूत घातली की वाट तर खरी आहे, मग चाक कुणाचं का असेना. खोटं बोलायला एवढं उदात्त कारण मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं.

वैशाखात स्थळपाहणी ठरली. नायब तहसीलदार मॅडम, तलाठी, चार पंच, शेताचा मालक, कांताबाई, मोजणीदार. आणि आपल्या वीराची साक्ष ऐकायला डॉक्टर स्वतः गाडी घेऊन आलेले. मालक माणूस गोड होता, सगळ्यांना थंड पाण्याच्या बाटल्या वाटत होता. मी पूर्ण पोशाखात, सायकलसकट. मॅडमनी विचारलं, तुम्ही ह्या वाटेने नियमित गेलात का? मी म्हणालो, दर शनिवारी. डॉक्टरांनी लगेच फोनवर माझा आलेख, नकाशावरची निळी रेघ आणि तारखा, उघडून पुढे धरला. मॅडमनी तो बराच वेळ पाहिला. मग फोन हातातच ठेवून समोरच्या सपाट काळ्या वावराकडे बोट केलं.

"एवढ्या वेळा गेलात तर पायाखालची असणार. दाखवा सर. तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागून येतो."

ग्रॅव्हल सायकल ढेकळांतूनही चालते असं जाहिरातीत होतं. ढेकळांनी ती जाहिरात पाहिलेली नसावी. दहा हातांवर मी उतरलो आणि सायकल ढकलत निघालो. मागे वरात. समोर एक लिंब दिसत होता. वाट लिंबाकडेच जात असणार, असं माझं भौगोलिक अनुमान. लिंबापाशी पोचलो तर तिथे कठडा नसलेली विहीर.

"सर," मालक मागून म्हणाला, "दर शनवारी पव्हायला येत व्हते व्हय?"

पंच हसले, तलाठी हसला, डॉक्टरसुद्धा ओठ दाबून हसले. कांताबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहतही नव्हत्या. त्या दूरवर निळ्या ताडपत्रीखालच्या पोत्यांकडे पाहत होत्या. मोजणीदार मात्र माझ्याकडेच पाहत होते आणि त्यांना अजूनही वाटत होतं की घड्याळात वाचून वाट मला पाठ झाली असणार, मी जरा गोंधळलोय, आता सापडेल. "सर, उगवतीला," ते हळूच म्हणाले. मला रडू आलं. चाळिशी उलटलेला, घट्ट चड्डीतला माणूस विहिरीच्या काठावर हेल्मेट घालून रडवेला उभा आहे, हे दृश्य कसं असेल ते तुम्हीच ठरवा.

"मॅडम," मी म्हणालो, "मी ह्या वाटेने एकदाही गेलेलो नाही. मी फाट्यावर भजी खात बसायचो. घड्याळ काकांच्या हातात असायचं."

 डॉक्टर म्हणाले, "म्हणजे ते ठोके..."

"काकांचे."

"सत्तरीच्या माणसाचे?"

"बाहत्तर चालू हाय," मोजणीदार म्हणाले. ते आपोआपच बोलले असावेत, कारण चेहरा पार उतरला होता.

मालक खूश झाला. "बघा मॅडम, साक्षीदारच खोटा."

मॅडमनी फोनवरचा आलेख पुन्हा पाहिला. "साक्षीदार खोटा आहे," त्या म्हणाल्या, "पण ह्यांचा खोटेपणा तारीखवार आहे. तुमचं भांडण फाल्गुनातलं आणि हे दोन वर्षांपासूनचं. तेव्हा ह्यांना कोर्टकचेरी दिसत नव्हती, स्वतःची वाहवा दिसत होती." मग मोजणीदारांकडे वळून, "काका, तुम्ही चाला. फोन माझ्याकडे राहील. मागे बघायचं नाही."

मोजणीदारांनी चपला काढून हातात घेतल्या आणि चालू लागले. त्या नांगरलेल्या रानात धरायला काही खूण नव्हती, झुडूप नाही, दगड नाही. ते सरळ गेले, मग एके ठिकाणी काहीच कारण नसताना वळले. "हितं बोरीचं झाड व्हतं, पार जुनं," ते स्वतःशी बोलावं तसं म्हणाले. मॅडमनी फोन तलाठ्याला दाखवला. माझ्या नावाची निळी रेघ तिथेच वळली होती, आणि आम्ही कुठे उभे आहोत ते दाखवणारा मॅडमच्या हातातल्या फोनवरचा ठिपका तिच्यावरून इकडचा तिकडे झाला नव्हता. पुढे नाल्याचा उतार आला. तिथे ते तिरके उतरले, तशीच रेघही. हसणारे पंच आता ठिपका बघायला मॅडमच्या खांद्यावर वाकले होते. मालक विहिरीपाशीच राहिला. मोजणीदार मागे न बघता थेट कांताबाईंच्या पोत्यांना हात लावून थांबले.

पंचनामा तिथेच झाला. त्यात एक वाक्य आहे, "सदर इसम सदर रस्त्याने कधीही गेलेला नाही," आणि त्याखाली माझी सही. सरकारदरबारी माझ्याविषयी एवढं खरं दुसरं काही नोंदलेलं नाही. आठवड्याच्या आत आदेश निघाला, कुंपण निघालं, ट्रॅक्टर गेला आणि कांताबाईंची पोती कोरडी बाजार समितीच्या मोंढ्यावर पोचली. डॉक्टरांनी मला गाडीजवळ गाठून शांतपणे सांगितलं, "सोमवारी दवाखान्यात या. तुमचं हृदय एकदा खरोखर तपासू." ग्रुपवर त्या रात्री कुणीही शाबासकीचा अंगठा पाठवला नाही.

पण ते सगळं नंतर. स्थळपाहणी संपल्यावर मोजणीदार आणि मी फाट्यापर्यंत आपापल्या सायकली ढकलत चाललो. मी दोनदा माफी मागितली. ते ऐकू न आल्यासारखे चालत राहिले. मला वाटलं, आता शिव्या देतील, दिल्या तर बरं होईल. फाट्यावर आल्यावर थांबले.

"नाव तुमचं लागलं त्याची तकलीफ न्हाई मला. मोजनीच्या नकाशावर तरी मोजनीदाराचं नाव कोन वाचतंय." मग घसा खाकरून, "तेवढं खरं सांगा सर. तुमी म्हनले व्हते, त्याच्यात लिहिलं की पुसत न्हाई. ते खरं हाय का?"

त्या दिवशी एक खोटं कबूल करून मला जरा सराव झाला होता. "नाही काका," मी म्हणालो. "कंपनी बंद पडली की सगळं जाईल. मी फोनवर बोट दाबलं तरी जाईल."

 दोन पावसाळे त्यांनी मनगटावर जे सांभाळून नेलं होतं ते मी एका वाक्यात काढून घेतलं होतं. त्यांच्यानंतर ती वाट राहील असं कुणीतरी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं होतं, आणि ते सांगणारा मी होतो.

"मंग तुमाला यावंच लागंल," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी मी गेलो. नाल्याच्या चढावर माझी जीभ बाहेर आली, दोनदा पडलो, आणि ते वर उभे राहून बाभळीच्या फांद्या छाटत माझी वाट पाहत होते. घड्याळ मी घरी ठेवून गेलो होतो. पावसाळाभर आम्ही असेच जात होतो. मग दिवाळीनंतर त्यांचा गुडघा पार गेला आणि मुलगी त्यांना नांदेडला घेऊन गेली. तिसऱ्या मजल्यावर राहतात. खाली चारी बाजूंनी सिमेंटचा रस्ता आहे म्हणे, त्यामुळे खाली उतरायलाही मन होत नाही.

दर शनिवारी दहाच्या सुमाराला त्यांचा फोन येतो. खुशाली नाही, काही नाही, थेट प्रश्न. नाल्याला पाणी हाय का? अलीकडच्या वावरात काय पेरलंय? वळणावर बांध पुढं सरकला का? कांताबाई दिसल्या का? मी गेलेलो असतो म्हणून सांगता येतं. ते "बराबर" म्हणतात आणि ठेवून देतात.

परवाच्या शनिवारी मी गेलो नाही. कारण काही नव्हतं. थंडी होती, पांघरूण होतं आणि सायकलवीर पांघरुणात होता. दहाला फोन वाजला. "नाल्याला पानी हाय का?" मागच्या आठवड्याचं उत्तर मला पाठ होतं. आठ दिवसांत नाला काही कुठे जात नाही. तोंड उघडलं, आणि मग म्हणालो, "काका, आज मी गेलो नाही."

 माणूस शनिवारी गेला नाही, ह्याचं त्यांना समजेल असं एकच कारण असावं, कारण पलीकडून आला तो आवाज घाबरलेला होता.

"सर, तब्येत बरी हाय ना तुमची? ताप-बिप आला का? घरी कोन हाय संगं?"

"बरी आहे," मी कसंबसं म्हणालो. "निघतोच आहे." फोन ठेवला, पांघरूण बाजूला केलं आणि सायकल बाहेर काढली.